चांदण्यांच्या कापडावरची खूण

कापड हातात आलं की मी आधी त्याची उलट बाजू शोधतो. अजूनही. बायको हौसेनं नवी साडी दाखवायला आणते आणि मी पदर उलटून मागचे धागे बघत बसतो, मग ती चिडून साडी ओढून घेते. तिचंही बरोबर आहे. पण उम्म अल कुवैनमधल्या एका लॉन्ड्रीत उभ्यानं सतरा वर्षं काढली की डोळ्यांना दुसरं वळणच राहत नाही.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या परीटकी. वडील बिब्ब्याचा रस सुईच्या टोकावर घेऊन गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर खुणा करायचे. एक ठिपका मास्तरांचा, दोन ठिपके डॉक्टरांचे, फुली सोसायटीच्या सेक्रेटरीची. कापड फाटेल पण माझी खूण जायची नाही, असं ते मिशीत हसत सांगायचे. मी बारावीपर्यंत शिकलो, त्यांच्या हाताखालून सुटायचं म्हणून दुबईचा व्हिसा मिळवला, आणि उतरलो तो पुन्हा इस्त्रीच्या टेबलापाशी. तेही दुबईला नाहीच. गावात सगळ्यांना दुबई सांगून ठेवलं होतं, म्हणून पहिली काही वर्षं पत्रातही दुबईच लिहिलं. उम्म अल कुवैन म्हणजे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला वाळू आणि मध्ये झोपाळू गाव. दुकानाचा मालक मल्याळी, मशिनवर एक पठाण, आणि खुणा व इस्त्री माझ्याकडे.

तिथं बिब्बा नव्हता, पक्क्या शाईचं पेन होतं. प्रत्येक व्हिलाचा एक नंबर ठरलेला. गाठोडं आलं की ते सोडायचं, ज्या कपड्यावर नंबर नसेल त्यावर घालायचा, शाई बसावी म्हणून वरून गरम इस्त्री दोन क्षण दाबायची, मग मशिनला द्यायचं. नियम एकच, खूण उलट बाजूला. त्यानंतर उरलेला सगळा दिवस कंदुरे. कंदुरा म्हणजे तिथल्या पुरुषांचा पायघोळ पांढरा झगा. गळ्याला कांजी कडक हवी आणि बाहीवर एक रेघ चालायची नाही. गुरुवारी तर विचारायची सोय नव्हती, कारण शुक्रवारच्या नमाजाला सगळ्या गावाला कोरा करकरीत कंदुरा लागायचा. संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगायच्या. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायचो, मालकाला, वडिलांना, आणि पांढरा रंग शोधून काढणाऱ्यालाही.

अशाच एका गुरुवारी सत्तावीस नंबरच्या व्हिलाचं गाठोडं आलं. नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. ड्रायव्हरनं नेहमीप्रमाणे टाकलं, 'यल्ला भाई, जल्दी, शाम को चाहिए' म्हणाला आणि गेला. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, आणि त्यात एक लांबलचक सुती कापड. काळपट तपकिरी जमीन आणि तिच्यावर अंगभर बारीक पांढऱ्या चांदण्या. सहावारीच्या निम्म्यापेक्षा कमी लांब. मला वाटलं, पलंगपोस असणार.

मी उलट बाजू शोधायला लागलो, आणि मिळेना. एका बाजूनं बघितलं तर चांदण्या ठसठशीत. उलटलं तर तेवढ्याच ठसठशीत. छापील कापडाची मागची बाजू फिकी असते, हे आंधळाही बोटानं सांगेल. इथं दोन्ही बाजू सारख्या. खिडकीपाशी नेलं, नखानं खरवडलं, तरी कळेना. टेबलावर सदुसष्ट कंदुरे वाट बघत होते. शेवटी वैतागून मी जी हाताला आली ती उलट बाजू धरली. टोकाला बोटभर रुंदीची पांढरी पट्टी होती, खूण नीट दिसेल अशी. तिच्या कोपऱ्यात ठसठशीत लिहिलं, व्ही २७. वरून इस्त्री दाबली आणि कापड मशिनच्या ढिगावर फेकलं.

तासाभरानं ती आली. दुपारच्या उन्हात चालत, पायात बाथरूमच्या रबरी चपला, डोक्यावरचा रुमाल घामानं कपाळाला चिकटलेला. सत्तावीस नंबरमध्ये काम करणारी इंडोनेशियाची बाई. मी तिला व्हिलाच्या दारात एक-दोनदा पाहिलं होतं. तिला धड बोलता येईना. ढिगाकडे बोट दाखवून म्हणाली, "वो मेरा. वो विला का नहीं, भाई. वो मेरा."

खाडीच्या दमट हवेत कापडाला बुरशी येते म्हणून तिनं ते लॉन्ड्रीला द्यायच्या चादरींबरोबर दोरीवर टाकलं होतं आणि ड्रायव्हरनं दोरीच्या दोरी उतरवून आणली होती. पठाणानं ते अजून मशिनमध्ये घातलं नव्हतं. तिनं ते उचलून छातीशी धरलं आणि हसली. मग कोपरा दिसला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी भांडायला तयारच होतो. चूक ड्रायव्हरची होती, दोरीवर टाकणाऱ्याची होती, माझं काम खूण करणं होतं. पण ती अंगठा थुंकीनं ओला करून तो आकडा घासत राहिली. मला माहीत होतं की तो जाणार नाही. जाऊ नये म्हणूनच मी त्यावर इस्त्री दाबली होती.

"निकलेगा?" तिनं विचारलं.

शाई काढायचं औषध दुकानात होतं. त्यानं शाई गेली असती आणि शेजारच्या तपकिरीचंही भगदाड झालं असतं. मी तसं सांगितलं. तिनं मान हलवली, कापडाची घडी घातली आणि आली तशी उन्हातून परत गेली. मी उरलेल्या कंदुऱ्यांवर इतका राग काढला की एका गळ्याला डाग पडला आणि मालकानं माझे पंधरा दिरहम कापले. पंधरा म्हणजे दीडशे रुपये, हा हिशोब आपोआप डोक्यात झाला. पण त्याचं वाईट वाटलं नाही, हेच आश्चर्य.

पुढच्या आठवड्यापासून ती गाठोडं घेऊन स्वतः ड्रायव्हरबरोबर यायला लागली. तो समोर चहा प्यायला जायचा आणि ती माझ्या टेबलासमोर उभी राहायची. तिची हिंदी तिथल्याच स्वयंपाकघरात शिकलेली, निम्मी अरबी. माझी हिंदीही काही लखनौची नव्हती. पण कापडाबद्दल बोलायला फार व्याकरण लागत नाही.

ती जावा बेटावरची, एका जुन्या राजधानीच्या शेजारच्या खेड्यातली. तिची आजी राजवाड्यासाठी बाटिक काढायची. पितळेच्या बारीक चोचीतून वितळलेलं मेण कापडावर सोडायचं, एकेक ठिपका. जिथं मेण तिथं रंग चढत नाही. आणि एक बाजू झाली की कापड उलटून तीच नक्षी मागूनही मेणानं गिरवायची. म्हणजे मी खिडकीशी उभा राहून जी उलट बाजू शोधत होतो, ती नसावी म्हणून कुणीतरी बाई दुप्पट वेळ बसली होती. हे ऐकल्यावर मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

राजवाड्याच्या नक्षींचे कायदेही कडक. तिरक्या पट्ट्यांची एक नक्षी फक्त राजघराण्याची. पूर्वी ती साध्या माणसानं अंगावर घालायची नाही, आणि लग्नात तर कुणीच घालायची नाही, नवराबायकोत भांडणं लागतात म्हणून. नवरानवरीची नक्षी वेगळी. आणि चांदण्यांची ही नक्षी, त्रुंतुम, आईबापांची. एका राणीकडे राजानं पाठ फिरवली होती म्हणे. ती एकटी बसून कापडावर चांदण्या काढत राहिली, आणि रोज काय काढतेस बघू म्हणत राजा पुन्हा तिच्याकडे यायला लागला. म्हणून मुलीच्या लग्नात आई ही नक्षी नेसते. मांडवात शंभर बायका असोत, चांदण्या नेसलेली ती आई. आपल्याकडे असं काही नाही. माझ्या थोरलीच्या लग्नात बायकोची आणि तिच्या बहिणीची साडी एकाच ताग्यातली होती आणि फोटोग्राफरनं दोनदा मावशीलाच पुढं ओढलं होतं.

"आजी पहना, मेरा माँ का शादी में," ती बोटांवर मोजत सांगू लागली. "फिर माँ पहना, मेरा शादी में. अब मैं पहनेगा. मेरा बेटी का शादी, ईद के बाद." मुलगी सहा वर्षांची असताना ती निघाली होती. मुलीला आपली आई नीट आठवते का, हेही तिला माहीत नव्हतं. "वो मेरेको ये कपड़ा से पहचानेगा," ती म्हणाली. आणि त्या कापडावर मी परक्याच्या घराचा नंबर घातला होता.

मी ते धुऊन द्यायचं ठरवलं. ती घाबरली. मशिन नाही, पावडर नाही, असं तीनतीनदा बजावलं आणि रुमालाच्या गाठीतून तिच्या गावाहून आणलेली दोन सुकलेली तपकिरी फळं काढली. याच्याच पाण्यात धुवायचं म्हणे. मी फळ हातात घेतलं आणि हसायलाच लागलो. तो रिठा होता. आमच्यापेक्षा जरा मोठा, पण रिठाच. आई रेशमी वस्त्रं त्यातच धुवायची, मी लहानपणी तो फेस डोळ्यांत जाऊन रडलोय. मी तसं सांगितल्यावर तीही हसली. मग एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी बादलीत रिठे भिजवले आणि ते कापड न पिळता धुतलं, सावलीत वाळवलं. सतरा वर्षांत हौसेनं धुतलेलं तेवढं एकच कापड.

आता चुण्या. ते कापड नेसताना टोकाला बोटा-दोन बोटांच्या अरुंद चुण्या घालून त्या समोर सोडतात, आपल्या निऱ्यांसारख्याच. दुसरं टोक पार विरलं होतं, तिथं चुणी धरवली नसती. म्हणजे खुणेचंच टोक दर्शनी. मी म्हटलं, सोपं आहे, पांढरी पट्टी आत दुमडू, खूण झाकली जाईल. तिनं जोरजोरात मान हलवली. पट्टी आत दुमडायची ही शेजारच्या राजवाड्याची रीत. त्यांच्या राजवाड्याच्या रीतीत पांढरी पट्टी दिसलीच पाहिजे. "लोग बोलेगा, इतना साल बाहर रहा, सब भूल गया."

मी चिडलो. म्हटलं, "सिस्टर, राजवाडा-बिजवाडा छोड़ो, नंबर छुपाना है की नहीं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी मुकाट्यानं इस्त्री खाली ठेवली. आणि मग मला जे आठवडाभर आधी सुचायला हवं होतं ते सुचलं. या कापडाला उलटसुलट नाही, खालीवर नाही. मग खुणेचा कोपरा खाली पायाशी कशाला यायला हवा? कापड खालचं वर उलटून तो कमरेशी न्यायचा, वरून पट्टा आवळायचा, झालं. पांढरी पट्टी दिसेल आणि आकडा पट्ट्याखाली जाईल. मी तिथल्या तिथं फिरवून दाखवलं. तिनं तोंडावर हात धरला. मी सात चुण्या घातल्या, विषमच हव्यात म्हणाली म्हणून सात, हलकी इस्त्री फिरवली, वरखाली कागदाच्या क्लिपा लावल्या आणि पातळ कागदात गुंडाळून दिलं. इतकं नीट काम मी कुठल्या शेखच्या कंदुऱ्यावरही केलं नसेल.

ईद आली. तिची मॅडम बाळंतपणाला टेकली होती. घरात पाहुणे, आधीची दोन मुलं, आणि तिचा पासपोर्ट मॅडमच्या नवऱ्याच्या कपाटात. पुढच्या वर्षी जा, इन्शाल्ला, असं तिला सांगण्यात आलं. ती गाठोडं घेऊन आली तेव्हा चेहरा पुसून कोरा केल्यासारखा होता. गावाकडची एक मुलगी परत चालली होती, तिच्या हाती कापड पाठवलं. लग्नात आईच्या जागी तिची धाकटी बहीण उभी राहणार होती. मी विचारलं, कोपरा वर ठेवायचं कळवलंस ना? कळवायचं राहूनच गेलं होतं.

दीड महिन्यानं तिला गावाहून पत्र आलं. बहिणीनं कापड जसं हाताला आलं तसं नेसलं, आणि आकडा खाली आला, पायाशी, पांढऱ्या पट्टीवर, सगळ्या मांडवाला दिसेल असा. बायकांनी विचारलं. मुलीनंही विचारलं. तेव्हा मावशीनं, पत्रांच्या पाकिटांवर तोच आकडा बघितला होता म्हणून, सांगितलं की तुझी आई जिथं राहते त्या घराचा हा नंबर. हे सगळं ती मला चादरी मोजता मोजता सांगत होती आणि मला खाली बघावं लागत होतं. लाज वाटली म्हणून बघत होतो. मुलीनं आईला चांदण्यांवरून ओळखायचं होतं, आणि तिच्या वाट्याला माझ्या हातचा व्ही सत्तावीस आला.

पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचंही. करार संपायचा, नवा व्हायचा. मधे एकदा ती महिनाभर जाऊन आली, तेव्हा लग्न जुनं झालं होतं आणि चांदण्या नेसायचं कारण उरलं नव्हतं. माझेही करार तसेच. मालकानं नवी वाफेची इस्त्री आणली, त्यानं पोटऱ्यांचं काही भलं झालं नाही. गावात नव्या इमारती उठल्या, व्हिलांचे नंबर वाढत गेले. सत्तावीसचं गाठोडं आलं की त्यातले तिचे कपडे मी ओळखून बाजूला ठेवायचो, त्यांवर कधीच खूण केली नाही. तेवढीच माझी परतफेड, आणि तीही तिला ठाऊक नसलेली.

दोन हजार सालानंतर कधीतरी तिनं एक फोटो आणला. मुलगी दारात उभी, आणि छातीशी चांदण्यांचं कापड झोळीसारखं बांधून त्यात तान्हं बाळ. गाठ खांद्यावर मारलेली आणि टोक मुद्दाम पुढं सोडलेलं. बाळाच्या पायाखाली माझं अक्षर, स्पष्ट. मी म्हटलं, आत घ्यायला सांग ना ते टोक. ती म्हणाली, नाही, तिला तसंच आवडतं. लोकांना दाखवते.

मग तिनं पिशवीतून पांढऱ्या फ्लॅनेलचं नवं दुपटं काढलं. शारजाच्या बाजारातून मागवलेलं, अजून घडीत टाचणी होती. बाळासाठी जाणारं. मुलीनं पत्रात लिहिलं होतं की यावरही तो नंबर घालून पाठव, आजीचं म्हणून.

"लिखो ना, भाई," ती म्हणाली.

मी नेहमीप्रमाणे रागावलो. म्हटलं, "वो विला का नंबर है, सिस्टर, तुम्हारा नहीं. छोड़ो वो. मैं तुम्हारा नाम लिखता हूँ." पेनचं टोपण काढलं, दुपट्याचा कोपरा ताणून धरला, आणि पेन तिथंच थांबलं.

मला तिचं नाव माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिला सिस्टर म्हणत होतो, आणि ती गेल्यावर पठाणाशी बोलताना सत्तावीसवाली. राजवाड्याच्या रीती विचारल्या, आजी विचारली, राणीसुद्धा विचारली. हे एक विचारलं नव्हतं. ती वाट बघत होती. मला ते ठाऊक आहे, असंच ती धरून चालली होती.

"नाम क्या है?" मी विचारलं.

पहिल्या दिवशी त्या कोपऱ्याकडे बघितलं होतं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. मग हळूच, एकेक अक्षर सुटं करून तिनं नाव सांगितलं. लांबलचक होतं. मी ते लिहिलं, तिला दाखवलं, तिनं बोटानं वाचून मान डोलावली.

"नंबर भी," ती म्हणाली. "बेटी नंबर माँगा है."

मी नावाखाली नंबर लिहिला. दुपट्याला उलट बाजू होती, पण मी सुलट बाजूलाच लिहिलं. मग शाई पक्की बसावी म्हणून दोन्हींवर गरम इस्त्री दाबून धरली.